एका भागाचे दोन डॉलर

२५ ऑगस्ट २००७ च्या शनिवारी सिंगापूरमध्ये बाहुल्यांनी निदर्शनं केली. फुनान डिजिटालाइफ मॉल हा तेव्हाचा तिथल्या कॉम्प्युटरवेड्यांचा जुना अड्डा. काही तरुण मंडळी घरच्या कपाटातल्या ॲनिमे-पात्रांच्या छोट्या मूर्ती घेऊन तिथे जमली. मूर्तींना काळे कपडे चढवलेले, हातात बोटभर उंचीचे निषेधाचे फलक. सिंगापुरात माणसांनी रस्त्यावर उभं राहून घोषणा द्यायच्या तर आधी परवाना काढावा लागतो, म्हणून बोलायचं काम बाहुल्यांवर सोपवलेलं. पोलीस लक्ष ठेवून होते. मूर्ती मांडून झाल्या, फोटो निघाले आणि मंडळी पांगली.

राग होता ओडेक्स नावाच्या स्थानिक कंपनीवर. जपानी ॲनिमे मालिकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी सिंगापुरात विकणं हा तिचा धंदा. त्या वर्षी तिने घरोघरी वकिली पत्रं धाडली होती. तुम्ही अमुक मालिका इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतली आहे, कोर्टकज्जा नको असेल तर तीन ते पाच हजार सिंगापूर डॉलर भरा, असा पत्रांचा मजकूर. मुदत जेमतेम आठवड्याची. ज्यांच्यापर्यंत हे प्रकरण पोचलं त्यांत नऊ वर्षांचं एक मूलही होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. सगळं अंगाशी येतंय असं दिसल्यावर याच ओडेक्सने एक दुकान उघडलं. आपल्या वेबसाइटवर तिने ॲनिमेचे भाग अधिकृतपणे डाउनलोडसाठी विकायला ठेवले. एका भागाचे दोन सिंगापूर डॉलर.

ॲनिमेचे भाग सुटे विकण्याचे प्रयोग या सुमाराला निरनिराळ्या देशांत चालले होते. त्यांचा बहर २००५ ते २००९ असा चार वर्षांचा. आज घरोघरी महिन्याचं वर्गणीचं ॲप असताना ही चार वर्षं कुणाला फारशी आठवत नाहीत. पण गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे द्यायला तयार असतं, याचा उलगडा विकणाऱ्यांना त्या काळात झाला, आणि तोही बराच मार खाल्ल्यावर.

आधी चोरीचा माल कसा यायचा ते सांगायला हवं. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. नव्वदच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर येणारा मोगलीसुद्धा जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनच्या कारखान्यातला. पण लहान मुलांच्या मालिका हा या व्यवसायाचा एकच कोपरा. कॉलेजवयीन आणि मोठ्या प्रेक्षकांसाठीच्या मालिका जपानी वाहिन्यांवर बहुधा मध्यरात्रीनंतर लागत. टोकियोतला कुणी हौशी गडी कॉम्प्युटरला टीव्हीचं कार्ड जोडून तो भाग रेकॉर्ड करी आणि 'विनी'सारख्या फाइल-वाटपाच्या जाळ्यावर टाकी. याला म्हणायचं 'रॉ'. तो रॉ उचलून इंग्रजी उपशीर्षकं चढवणारी टोळकी अमेरिकेत, युरोपात, आग्नेय आशियात पसरलेली होती. त्यांचं काम म्हणजे फॅनसब. एक भाषांतर करी, दुसरा प्रत्येक वाक्य पात्राच्या ओठांशी जुळवून वेळ लावी, तिसरा अक्षरांचं वळण आणि पडद्यावरच्या जपानी पाट्या सांभाळी, चौथा चुका काढी, पाचवा फाइल आवळून तयार करी. शीर्षकगीताची अक्षरं सुराबरोबर रंग बदलत जातील अशी कारागिरी करणारा वेगळाच. पगार कुणालाच नाही.

फाइल पुष्कळदा १७५ एमबीच्या आसपास भरे. या आकड्यामागे सरळ हिशेब होता. कोऱ्या सीडीवर ७०० एमबी मावत, म्हणजे एका सीडीवर बरोबर चार भाग बसत. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणल्यावर वाटपाचाही खर्च उरला नाही, कारण घेणाराच पुढच्याला देत जाई. जपानात भाग लागल्यावर दोन-तीन दिवसांत उपशीर्षकांसह प्रत जगभर पोचलेली असे. सुरुवातीला बहुधा एक पाटी झळके: हे चाहत्यांनी चाहत्यांसाठी फुकट केलेलं काम आहे, विकू नये, भाड्याने देऊ नये. एखाद्या अमेरिकन कंपनीने मालिकेचे हक्क घेतले की ती वाटणं थांबवायचं, असा अलिखित संकेतही होता. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीने वकिलामार्फत पत्र पाठवून हा संकेत मोडीत काढला. अमेरिकेत हक्क विकले गेले असोत वा नसोत, आमच्या मालिकांना हात लावू नका, असं तिने बजावलं. काही गटांनी मुकाट्याने ऐकलं. बाकीच्यांच्या फाइली येतच राहिल्या.

सरळमार्गाने पाहू म्हणणाऱ्याला काय मिळत होतं? अमेरिकेत एका डीव्हीडीवर तीन-चार भाग, छापील किंमत तीस डॉलरच्या घरात. २६ भागांची मालिका पुरी करायची तर सहा-सात डबड्या, म्हणजे दोनशे डॉलरच्या आसपास. आणि हे सगळं जपानात मालिका लागून वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर. तोपर्यंत ज्याला पाहायचं त्याने ती पाहून, तिच्यावर भांडून, विसरूनही टाकलेली असे. त्यातच जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँड या दुकानसाखळीने दिवाळखोरी जाहीर केली. तिची सनकोस्ट नावाची दुकानं हा ॲनिमे डीव्हीडीच्या विक्रीचा मोठा आधार होता. सप्टेंबर २००७ मध्ये ॲनिमे डीव्हीडी काढणाऱ्या जेनिऑनच्या अमेरिकी शाखेने विक्रीचा गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं. डीव्हीडीच्या जिवावर उभं राहिलेलं घर वासा-वाशाने खचत होतं.

अशा वेळी सगळ्यांची नजर ॲपलकडे वळली. आयट्यून्सवर २००३ पासून एकेक गाणं ९९ सेंटला विकलं जात होतंच. फुकट गाणी उतरवणारी तरुण पोरं त्याचे पैसे मोजतात, हे सिद्ध झालं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपलने टीव्ही मालिकांचे भाग आणले. किंमत १.९९ डॉलर आणि चित्र ३२० बाय २४० ठिपक्यांचं, म्हणजे काडेपेटीएवढ्या पडद्यावरच शोभावं असं. तरी विक्री झाली. १.९९ हा आकडा तिथून रूढ झाला आणि पुढे डिजिटल भाग विकायला निघालेल्या बहुतेकांनी मुकाट्याने तोच लावला. तो ॲनिमेला परवडतो का, याचा हिशेब आधी कुणी मांडला असेल असं वाटत नाही. डीव्हीडीवरचा एक भाग साताठ डॉलरला पडत होता, डाउनलोड दोनला. मात्र डबडी नाही, छपाई नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, न खपलेला माल परत येणं नाही. कागदावर गणित जमत होतं.

खुद्द बिटटॉरेंटनेही सभ्य व्हायचं ठरवलं. कोहेनच्या कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये सिनेमे आणि मालिका विकणारं दुकान थाटलं आणि टीव्हीच्या भागाची किंमत ठेवली तीच, १.९९. पण ज्या तंत्राची सारी कीर्ती 'कुणीही घ्या, कुठेही चालवा' यावर उभी होती, त्याच तंत्राच्या दुकानातली फाइल कुलूपबंद असे. पुढच्याच वर्षी ते बंद पडलं.

ॲनिमेच्या बाबतीत खरी परीक्षा झाली ती मे २००७ मध्ये, 'डेथ नोट'च्या निमित्ताने. ज्या वहीत नाव लिहिलं की तो माणूस मरतो, ती वही हाती लागलेल्या हुशार विद्यार्थ्याची ही गोष्ट. जपानात मॅडहाउस स्टुडिओची ही ३७ भागांची मालिका ऑक्टोबर २००६ पासून निप्पॉन टीव्हीवर चालू होती आणि जून २००७ मध्ये संपायची होती. फॅनसबच्या वाटेने ती जगभर गाजत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हिझ मीडियाने तिचे भाग 'डायरेक्ट टू ड्राइव्ह' या ऑनलाइन दुकानात ठेवले. कॉम्प्युटर गेमच्या डाउनलोडसाठी ओळखलं जाणारं हे दुकान आयजीएनच्या मालकीचं. आवाज मूळ जपानी, खाली इंग्रजी उपशीर्षकं, एका भागाचे १.९९ डॉलर. जपानात मालिका चालू असतानाच अमेरिकेतल्या माणसाने एखाद्या नावाजलेल्या ॲनिमेचा भाग कायदेशीरपणे विकत घेऊन आपल्याकडे ठेवावा, अशा अगदी पहिल्या काही प्रसंगांपैकी हा एक होता. व्हिझला हे जमलं याचं एक कारण उघड होतं. व्हिझची मालकी जपानी प्रकाशकांकडे आहे आणि 'डेथ नोट'ची मूळ चित्रकथा त्यांतल्याच शुएइशाच्या साप्ताहिकातली. परवानगी घ्यायची ती घरातच.

इंग्रजी आवाज चढवून, डीव्हीडी छापून, टीव्हीवर दाखवून मग विकायचं, हा नेहमीचा क्रम व्हिझने इथे उलटा केला. डीव्हीडी आणि अमेरिकी टीव्हीची पाळी त्या वर्षाच्या शेवटी आली. धाडस होतं, यात शंका नाही. तरी खोट होतीच. जपानात गोष्ट तिसाव्या भागाच्या आसपास पोचली होती आणि व्हिझ पहिल्या भागापासून विकत होती. ज्याला 'डेथ नोट'चं वेड लागलेलं होतं त्याने तीस भाग आधीच पाहिलेले. त्याला हवा होता या आठवड्याचा भाग, आणि तो विकायलाच नव्हता. सगळे ३७ भाग घ्यायचे तर ७३ डॉलर ६३ सेंट लागणार. एवढे पैसे तो देईल ते कृतज्ञता म्हणून. तसे देणारे लोक निघाले, नाही असं नाही. पण कृतज्ञतेवर बाजार चालत नाही, दानपेटी चालते.

दुसरी खोट कुलपाची. या फाइलींना डीआरएम नावाचं डिजिटल कुलूप असे. आयट्यून्सवरून घेतलेला भाग ॲपलच्याच यंत्रांवर आणि सॉफ्टवेअरवर चालायचा. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचं कुलूप असेल तर विंडोजवर, तेही दुकानाच्या सर्व्हरकडून किल्ली आली तरच. फॅनसबची १७५ एमबीची फाइल मात्र कुठेही चाले. सीडीवर जाळा, मित्राला द्या, कॉम्प्युटर बदला, तिला फरक पडत नव्हता. पैसे देणाऱ्याच्या पदरात फुकट्यापेक्षा कमी माल पडत होता. विकणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही, पण जपानातले हक्कधारक कुलपाशिवाय सही करायला तयार नसत.

या कुलपात धोका किती आहे, हे ऑगस्ट २००७ मध्ये गूगलनेच दाखवून दिलं. जानेवारी २००६ मध्ये गूगलने व्हिडिओ विकणारं दुकान काढलं होतं. दीड वर्षाने ते बंद करताना जाहीर केलं की १५ ऑगस्टनंतर विकत घेतलेले व्हिडिओही चालणार नाहीत. भरपाई म्हणून गूगलच्याच पेमेंट सेवेत वापरायची सूट देऊ केली. बोंब झाली तेव्हा पुरते पैसे परत केले. 'डाउनलोड करा आणि मालक व्हा' ही जाहिरात करणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या गिऱ्हाइकाने ती बातमी वाचली असणार. मालकी दुकानाच्या आयुष्याएवढीच. सिंगापुरातल्या बाहुल्या रस्त्यावर आल्या त्या याच महिन्यात.

जपानी निर्माते इतके ताठर का होते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना नावं ठेवणं बरं नाही. एखादी ॲनिमे मालिका एकट्या स्टुडिओची क्वचितच असते. प्रकाशक, खेळणीवाला, गाण्यांची कंपनी, वाहिनी, डीव्हीडी काढणारा असे पाच-सात जण पैसे घालून 'निर्मिती समिती' बनवतात. मध्यरात्रीच्या मालिकांच्या बाबतीत तर ही समितीच वाहिनीला वेळेचे पैसे मोजते. टीव्हीवर मालिका दिसते ती जवळजवळ जाहिरात म्हणून. गुंतवणूक वसूल व्हायची ती जपानातल्या डीव्हीडीतून. तिथे एका डिस्कवर दोन भाग आणि किंमत सहा हजार येनच्या आसपास. अमेरिकेत तोच भाग, तोच जपानी आवाज, दोन डॉलरला मिळायला लागला आणि जपानी गिऱ्हाइकाने तो तिथून उचलला, तर? ही भीती खुळी नव्हती. शिवाय परदेशी डाउनलोडसाठी समितीतल्या प्रत्येकाची संमती लागे आणि गाणीवाल्याचा जीव गाण्यात, खेळणीवाल्याचा खेळण्यात. त्यांना या दोन डॉलरमधलं काय मिळणार? जपानी कंपन्यांनी घरच्या घरी मात्र उशीर केला नव्हता. बंदाईने आपलं 'बंदाई चॅनल' २००२ मध्येच काढून इंटरनेटवर भागाभागाने पैसे घ्यायला सुरुवात केली होती. अडत होतं ते समुद्र ओलांडताना.

ओडेक्सकडे परत येतो, कारण या साऱ्या गुंत्याचा सगळ्यात उघडावाघडा तमाशा तिथे झाला. कंपनीचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. फुकट डाउनलोडमुळे तिची विक्री बसली होती. कोण काय उतरवतंय याची नोंद तिने कॅलिफोर्नियातल्या बेटीएसपी या कंपनीकडून करून घेतली आणि इंटरनेट पुरवठादारांकडून ग्राहकांची नावं मागितली. सिंगनेटच्या बाबतीत कोर्टाचा आदेश विनासायास मिळाला. स्टारहबने विरोध केला, पण ती हरली. तिसरी पॅसिफिक इंटरनेट. तिच्या बाबतीत जिल्हा न्यायाधीशांनी ऑगस्ट २००७ मध्ये ओडेक्सला नकार दिला. कारण मोठं मार्मिक होतं. ज्या मालिकांच्या नावाने ओडेक्स दंड मागत होती, त्यांतल्या एका 'गंडाम सीड'चा अपवाद सोडला तर तिच्याकडे एकमेव हक्कच नव्हते. खरे मालक जपानात बसलेले. मग पैसे मागणारे तुम्ही कोण?

लोक चिडले ते नुसत्या दंडामुळे नाही. ओडेक्सच्या डिस्कवरची उपशीर्षकं गचाळ असतात, ही तक्रार जुनी होती. कंपनीनेच पूर्वी खुलासा केला होता की भाषांतराला लावलेल्या काही हौशी मंडळींनी सोपा मार्ग पत्करून इंटरनेटवरची फॅनसबच उतरवून काढली. म्हणजे चाहत्यांनी फुकट केलेलं काम विकत घ्यायचं, आणि तेच फुकट घेतलं तर पाच हजारांची नोटीस! त्यात कंपनीच्या एका संचालकाने इंटरनेटवर टवाळीच्या सुरात काहीतरी लिहिलं आणि मग माफी मागायची वेळ आणली. आगीत तेल म्हणतात ते हेच.

याच गदारोळातून ते डाउनलोडचं दुकान आलं. दोन सिंगापूर डॉलर द्यायचे, चांगल्या दर्जाची फाइल उतरवून घ्यायची, आणि सात दिवस हवी तितक्या वेळा पाहायची. आठव्या दिवशी कुलूप बंद. म्हणजे नाव विक्रीचं आणि व्यवहार भाड्याचा. तरीही मला वाटतं, हे दुकान दोन वर्षं आधी उघडलं असतं तर ओडेक्सची गोष्ट वेगळी झाली असती. सिंगापूरसारख्या इंटरनेटने विणलेल्या आणि पैसे बाळगून असलेल्या शहरात दोन डॉलर कुणाला जड नव्हते. पण आधी नोटीस आणि मग दुकान हा क्रम गिऱ्हाइकाला पटणं अवघड. दंड ठोठावणाऱ्याच्या गल्ल्यावर हौसेने कोण जाईल?

वरच्या कोर्टात अपील झालं तेव्हा जपानी कंपन्या स्वतः पुढे आल्या. शोगेट, जेनिऑन एंटरटेनमेंट, टीव्ही टोकियो मीडियानेट आणि गोन्झो. २९ जानेवारी २००८ रोजी न्यायमूर्ती वू बिह ली यांनी निकाल दिला. पॅसिफिक इंटरनेटने ग्राहकांची माहिती द्यावी, मात्र ती थेट जपानी स्टुडिओंना. ओडेक्सच्या हाती काही लागलं नाही, उलट खर्च तिच्यावर बसला.

त्या चार नावांतली दोन लक्षात ठेवण्यासारखी आहेत. जानेवारीत सिंगापूरच्या कोर्टात फुकट्यांची नावं मागणाऱ्या गोन्झोने एप्रिल २००८ मध्ये 'द टॉवर ऑफ ड्रुआगा' आणि 'ब्लासराइटर' या आपल्या दोन नव्या मालिका जपानात लागतील त्याच दिवशी इंग्रजी उपशीर्षकांसह इंटरनेटवर सोडल्या. यूट्यूबवर, बोस्ट टीव्हीवर आणि क्रंचीरोलवर. पाहणं फुकट, अधिक चांगली प्रत हवी असेल तर स्वखुशीने पैसे द्यायचे. क्रंचीरोलचं नाव वाचून त्या वेळी पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. ही कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकलेल्या तरुणांनी २००६ मध्ये काढलेली साइट, आणि तिथला बराचसा माल म्हणजे लोकांनी चढवलेले विनापरवाना फॅनसब. रॉकफेलर घराण्याशी नातं सांगणाऱ्या व्हेनरॉकने तिच्यात चाळीस लाख डॉलर घातले, तेव्हा परवाने घेऊन धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा तिळपापड झाला होता. आम्ही पैसे मोजून हक्क घ्यायचे आणि चोरबाजाराला भांडवल मिळायचं, असा त्यांचा सवाल. तो रास्तच होता. पण गोन्झोने पाहिलं ते एवढंच की गिऱ्हाईक कुठे बसलंय.

यामागे आणखी एक धक्का होता. नोव्हेंबर २००७ मध्ये जस्टिन सेवाकिस या पत्रकाराने ॲनिमे उद्योगाला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. एके काळी स्वतः न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क मीडियात काम केलेला हा माणूस. धंद्याच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या होत्या. जपानात भाग लागताच कायदेशीर मार्गाने तो बाहेर द्या, नाहीतर फॅनसबशी स्पर्धा कधीच जिंकणार नाही, असा त्याचा रोख होता. पत्रावर खूप वाद झाला. त्याची जुनी कंपनी दीड वर्षात दिवाळखोरीत गेली.

दुसरं नाव टीव्ही टोकियोचं. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी क्रंचीरोलशी करार जाहीर केला. ८ जानेवारी २००९ पासून 'नारुतो शिप्पुडेन'चा नवा भाग जपानात लागल्यावर तासाभरात वर्गणीदारांना दिसू लागला. वर्गणी महिन्याला ६.९५ डॉलर. फुकट पाहणाऱ्याने जाहिराती सोसत आठवडाभर थांबायचं. त्याच मुहूर्तावर साइटवरचा सगळा विनापरवाना माल काढून टाकला गेला.

तासाभरात, हा शब्द महत्त्वाचा. फॅनसबवाले कितीही चपळ असले तरी भाषांतर, जुळवणी, तपासणी यात त्यांचा दिवस-दोन दिवस जायचेच. वाहिनीकडूनच आधी चित्रफीत आणि संहिता मिळाली तर भाषांतर प्रसारणापूर्वीच तयार ठेवता येतं. चाहत्याला जे चोराकडून कधीच मिळू शकत नव्हतं ते हेच होतं, आणि डाउनलोडच्या दुकानांनी ते कधी विकायला ठेवलंच नाही. त्यांनी फाइल विकली. फाइल तर आधीच फुकट होती. क्रंचीरोलने आठ दिवसांचा फरक विकला. 'तुझ्या आधी मी पाहिलं' यासाठी पंचविशीच्या आतला माणूस काय वाटेल ते देतो, हे टीव्ही टोकियोच्या हिशेबनिसांना कळायला सिंगापूरचं कोर्ट करावं लागलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

गोन्झोला मात्र या शहाणपणाचा उपयोग झाला नाही. कर्जात बुडालेल्या या कंपनीचं नाव २००९ मध्ये टोकियोच्या शेअर बाजारावरून उतरलं.

सुट्या भागांची विक्री लगेच संपली असं नाही. ॲपल आणि ॲमेझॉनच्या दुकानांत ॲनिमेचे भाग अजूनही एकेक करून विकत मिळतात. पण धंद्याचा तो कणा आता राहिला नाही. 'डायरेक्ट टू ड्राइव्ह' २०११ मध्ये गेमफ्लायला विकलं गेलं. डीव्हीडी आणि ब्लू-रेवाल्यांनी मालकीच्या कल्पनेला आणखी काही वर्षं जगवलं ते वेगळ्या रूपात. डबडीत एक संकेतांक छापलेला असे; तो वेबसाइटवर टाकला की तीच मालिका 'डिजिटल प्रत' म्हणून खात्यात जमा होई. फ्युनिमेशन ही टेक्सासची कंपनी यात आघाडीवर होती आणि या प्रती कायमच्या मिळतात असं सांगत असे, बारीक अक्षरांतल्या अटींसह. २०१७ मध्ये सोनीने फ्युनिमेशन घेतलं, २०२१ मध्ये एटी अँड टीकडून क्रंचीरोल घेतलं, तेही ११७ कोटी डॉलरहून अधिक मोजून, आणि दोन्ही सेवा एकत्र केल्या. २ एप्रिल २०२४ रोजी फ्युनिमेशनचं ॲप आणि साइट बंद झाली. डिजिटल प्रती क्रंचीरोलच्या खात्यात हलवता येणार नाहीत, असं आधीच कळवलं होतं. क्रंचीरोलचे अध्यक्ष राहुल पुरिनी यांना मुलाखतीत याबद्दल विचारलं, तेव्हा गिऱ्हाइकांना योग्य तो मोबदला देण्याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. गूगलने निदान पैसे परत केले होते.

आपल्याकडच्या माणसाला हा सगळा इतिहास लांबूनच पाहावा लागला. मे २००७ मध्ये 'डेथ नोट' विकत घ्यायची पुण्या-मुंबईतल्या एखाद्याची कितीही इच्छा असली तरी सोय नव्हती. व्हिझचे हक्क तिकडचे, दुकान तिकडचं. आयट्यून्सचं दुकानच भारतात डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं. २००४ पासून ॲनिमॅक्स वाहिनी होती, तिच्यावर जे लागेल ते पाहायचं, नाहीतर कॉलेजच्या हॉस्टेलमधलं लॅनचं जाळं. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर 'नारुतो'चे दोनशे भाग असायचे आणि ते सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हवरून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचायचे. त्या वेळचा डॉलर एक्केचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १.९९ डॉलरचे ऐंशीएक रुपये झाले. पुढे क्रंचीरोलने भारतासाठी दर उतरवून महिन्याला ७९ रुपये केले. एका भागाच्या किमतीत महिनाभर अख्खं कोठार, हिंदी आणि तमिळ डबिंगसह. त्यातला एकही भाग आपला नाही, आणि तशी तक्रार करणारा वर्गणीदार मला अजून भेटायचाय.